वाचक विचारतात: हप्ते झेपेनासे झालेत, बँकेशी बोलायचं कसं?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त कर्जाचीच आहेत. नाव कुणाचंच छापत नाहीये, गाव-एरिया तेवढा ठेवलाय. मी बँकेत कर्ज खात्यात नोकरी केलेली आहे, टेबलाच्या पलीकडून हे सगळं बघितलंय, त्यामुळे जे सांगते ते त्या अनुभवावरून आणि नियम बघून सांगते.

प्रश्न (मोशी): वय ४१, चाकणला एका व्हेंडर कंपनीत आहे. ओव्हरटाइम होता तोवर पन्नासच्या वर हातात यायचे, आता ओव्हरटाइम बंद, ३८,००० येतात. बायको डबे करते त्याचे ६,००० सुटतात. घरखर्च, मुलांची शाळा, आईची औषधं मिळून साडेएकोणीस हजार लागतातच. फ्लॅटचा हप्ता १४,२००. पर्सनल लोन बहिणीच्या लग्नात घेतलेलं, ३,२०,००० बाकी, हप्ता ९,६००. क्रेडिट कार्डावर १,४०,००० झालेत, मिनिमम ७,००० भरतोय. पतसंस्थेचे १,१०,००० बाकी, हप्ता ४,५००, त्याला साडू जामीन आहेत. आणि हेच हप्ते भरायला दोन ॲपवरून १८,००० घेतले. एक एजन्सीवाला म्हणतो सगळे हप्ते बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवतो, फी आधी द्या. बायको म्हणते माझं सोनं घ्या. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

उत्तर: दादा, सगळे आकडे स्वतःहून लिहून पाठवलेत ना, तिथेच अर्धं काम झालंय, कारण बहुतेक जणांना एकूण किती देणं आहे हेच माहिती नसतं आणि माहिती करून घ्यायची भीती वाटत असते. आता तुमचाच हिशोब तुमच्यासमोर मांडते.

घरात येतात ४४,०००, घरखर्च जाऊन उरतात २४,५००. हप्ते आहेत ३५,३०० चे, ॲपवाले सोडून. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ ११,००० चा खड्डा, आणि तो तुम्ही नवीन उधारीनं बुजवताय. याची टोपी त्याला हे जे चाललंय ना ते आज थांबलं पाहिजे. ॲप तर मोबाईलमधून काढाच, पण त्याआधी कर्जाचे सगळे स्क्रीनशॉट, करारपत्र, कुठल्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या) नावानं पैसे आले ते सेव्ह करून ठेवा.

एजन्सीवाल्याला नाही म्हणा. बँकेशी बोलायला मधल्या माणसाची गरज नाही आणि त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त कुठलाही अधिकार नाही. हप्ते बंद केले की दंड चढतो, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडतो, केस तुमच्यावर होते, त्याची फी मात्र आधीच गेलेली असते. कर्जमाफी करून देतो म्हणून फी उकळणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलंय.

आता कुणाला आधी द्यायचं. जो जास्त फोन करतो त्याला आधी, असं सगळे करतात आणि तिथेच घात होतो. फोन सगळ्यात जास्त कार्डवाल्यांचे आणि ॲपवाल्यांचे येतात, पण राहतं घर कार्डवाला थेट नेऊ शकत नाही, होमलोनवाली बँक नेऊ शकते. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज धरलं जातं, मग सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्तेतून वसुलीचा कायदा) ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावताही बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. म्हणून १४,२०० पहिले. त्यानंतर पतसंस्थेचे ४,५००, कारण तिथे साडू अडकलेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, पतसंस्था आधी तुमच्याकडे मग त्यांच्याकडे असं करायला बांधील नाही, थेट त्यांच्या पगारावर जाऊ शकते. आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला वसुलीचा दाखला पटकन मिळतो. नात्यात कडवटपणा आला तर तो कर्ज फिटल्यावरही जात नाही, त्यामुळे हा हप्ता मी कमी करायला सांगणार नाही.

उरले ५,८००. त्यात पर्सनल लोन, कार्ड आणि ॲप. पद्धत अशी सांगतात की उरलेली रक्कम ज्याचं जितकं देणं त्या प्रमाणात वाटा. तसं वाटलं, हाताशी ८०० ठेवून ५,००० वाटले, तर पर्सनल लोनला ३,३५०, कार्डाला १,४५० आणि ॲपवाल्यांना २०० येतात. वाटणी न्याय्य आहे, पण तुमच्या बाबतीत पुरत नाही. पर्सनल लोन १४ टक्क्यांचं धरलं तरी महिन्याचं व्याजच ३,७०० च्या वर होतं. कार्डाचा दर स्टेटमेंटवर बघा, बऱ्याच कार्डांचा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ४,९०० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५,८०० च्या आसपास. तुम्ही जे ७,००० मिनिमम म्हणून भरताय त्यातून मुद्दल फिटतंय जेमतेम १,२००, आणि वर कार्ड वापरत असाल तर तेही नाही, कारण आधीची बाकी असली की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

म्हणून सोन्याबद्दल बोलू. जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज नको हे मी वर म्हटलं आणि त्याला हा एकच अपवाद करते. वहिनींचं सोनं हे त्यांचं स्त्रीधन आहे, निर्णय त्यांचा, आणि त्या स्वतःहून म्हणतायत म्हणून हा विषय काढते, तुम्ही मागितलं असतंत तर नसता काढला. मोडू नका. सरकारी बँकेत तारण ठेवून कार्डाचे आणि ॲपचे मिळून १,५८,००० उचला, तिथे दर वर्षाला १० टक्के धरा, महिन्याचं व्याज होतं १,३०० च्या आसपास. कुठे कार्डाचे ५,८०० आणि कुठे हे. हे व्याज दर महिन्याला भरत जा, हे कर्ज बहुतेक ठिकाणी वर्षभराचं असतं, वर्ष संपताना फेडायचं किंवा व्याज पूर्ण भरून नवं करून घ्यायचं, दुर्लक्ष झालं तर लिलावाची नोटीस येते. कागद वहिनींच्या नावानं करा म्हणजे सोनं त्यांच्याच हातात परत येईल. आणि कार्ड फिटलं त्याच दिवशी ते बंद करायचा अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर अर्जापासून ७ कामाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात. कार्ड घरात राहिलं तर दिवाळीपर्यंत परत भरलेलं असेल, हे मी खूप घरांत बघितलंय.

मग ५,८०० मधून १,३५० सोन्याच्या व्याजाला आणि ४,००० पर्सनल लोनला. व्याज फिटून थोडं मुद्दलही हलतं, म्हणजे कर्ज वाढायचं थांबतं. ४५० उरतात, ते आजारपणाला राहू द्या, ते कुणाला कबूल करू नका.

आता त्या ९,६०० च्या जागी ४,००० घ्यायला बँकेला तयार कसं करायचं. हप्ता चुकायच्या आधी जा, चुकला असेल तर ९० दिवस व्हायच्या आत जा, एनपीए झाल्यावर शाखेच्या हातात फारसं काही राहत नाही. कस्टमर केअरच्या फोनवर बोलून काही होत नाही, ते लिहून घेतात आणि विसरतात. शाखेत कागद द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करायचा. मजकूर साधा ठेवा, असा:

"माझा ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे उत्पन्न कमी झाले आहे. मागच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकाच्या प्रती व घरखर्चाचा आणि इतर कर्जांचा तक्ता सोबत जोडला आहे. पुढील सहा महिने मी दर महिन्याच्या ७ तारखेला ४,००० रुपये भरू शकतो. सहा महिन्यांनंतर कर्जाची मुदत वाढवून नवीन हप्ता ठरवून द्यावा. दंड आकार माफ करावा ही विनंती. लेखी उत्तर मिळावे."

रडगाणं नको, खोटी कारणं नकोत, आणि साहेबासमोर बसल्यावर लाजेखातर "पाच हजार भरतो साहेब" असं म्हणू नका. चार म्हणजे चार. सहा महिने न चुकता चार हजार भरणाऱ्या माणसाचं ऐकतात, आणि सहा हजार कबूल करून तिसऱ्या महिन्यात चुकणाऱ्याची फाईल वसुली एजन्सीकडे जाते.

मुदत वाढवून ७ वर्षांची करून दिली तरी हप्ता ६,००० च्या आसपास बसेल, म्हणून सहा महिन्यांत अजून दोन हजारांची सोय करावी लागेल, डबे वाढवून किंवा दुसऱ्या शिफ्टच्या कामातून, ते आत्तापासून डोक्यात ठेवा. पुढे अडीच वर्षांच्या आत पतसंस्था फिटेल, मग ते ४,५०० मोकळे होतात.

बँक हो म्हणेलच असं नाही. हप्ता कमी करणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपालही (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तिला भाग पाडू शकत नाही. पण बँक गप्प बसली तरी तुम्ही ७ तारखेला ४,००० त्या कर्ज खात्यात भरत राहा, पावती ठेवा. दंडाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दंड हा वेगळा आकार असतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. स्टेटमेंट मागवा आणि तपासा.

अजून एक, पगार ज्या बँकेत येतो त्याच बँकेचं कर्ज असेल तर पगार जमा झाल्या झाल्या ती पैसे वळते करू शकते आणि घरात किराण्यालाही राहत नाहीत. जिथे कुठलंच कर्ज नाही अशा बँकेत खातं उघडा आणि कंपनीत पगार तिकडे वळवायला सांगा, यात बेकायदा काही नाही. मात्र ऑटो डेबिट नुसतं बाउन्स होऊ देऊ नका. दोन्हीकडे चार्ज लागतो आणि पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखीच केस होऊ शकते. म्हणून आधी पत्र, मग बदल.

वसुलीवाले येतील, त्याची तयारी ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. दारात माणूस आला तर आत घेण्याआधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, फोटो काढून ठेवा, रोख एक रुपया देऊ नका. शेजारी, नातेवाईक, कंपनीतले लोक यांना फोन करून बदनामी करणं नियमात बसत नाही, आणि एजंटनं केलं तरी जबाबदार बँकच. एका वहीत तारीख, वेळ, नंबर, काय बोलला ते लिहित जा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन फुकटात तक्रार होते, चौकशीचा नंबर १४४४८. ॲपवाल्यांनी फोटो खराब करून पाठवायची धमकी दिली तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लगेच फोन.

"पोलीस घेऊन येतो" म्हणतील. विनातारण कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे, गुन्हा होतो तो चेक बाउन्सचा किंवा फसवणुकीचा. आणि उद्या कोर्टात हुकूमनामा झालाच तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, पीएफ यावर जप्ती येत नाही, पगारातलेही पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडावा लागतो. कोर्ट हप्तेही पाडून देऊ शकतं. हे आईला आणि वहिनींना वाचून दाखवा, कारण दारात आवाज चढवला की घाबरतात त्या दोघी.

प्रश्न (वारजे): मिस्टर मार्चमध्ये गेले. त्यांच्या नावावर एका बँकेचं पर्सनल लोन आणि कार्ड होतं, मला काहीच माहिती नव्हतं. आता रोज फोन येतात, वारस म्हणून तुम्हालाच भरावं लागेल, निदान पाच हजार तरी टाका म्हणतात. मी अंगणवाडीत आहे. माझ्या पगारातून कापतील का?

उत्तर: ताई, नाही कापणार. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल तर तुमच्या पगारातून ते कर्ज वसूल होत नाही. वारसाची जबाबदारी गेलेल्या माणसाकडून जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच. त्यांच्या नावावर फ्लॅट, एफडी, गाडी असेल आणि ती तुमच्याकडे आली असेल तर तेवढ्यावर बँकेचा दावा लागू शकतो. पीएफ मात्र वेगळा, पीएफच्या कायद्याप्रमाणे तो वारसदाराला किंवा नॉमिनीला मिळतो आणि गेलेल्या सभासदाच्या कर्जापासून मोकळा असतो.

ते पाच हजार टाकू नका आणि कुठल्याही कागदावर सही करू नका, "नुसती माहितीसाठी" म्हणाले तरी. आधी मृत्यूचा दाखला जोडून बँकेला पत्र द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा: कर्जाच्या कराराची प्रत, आजपर्यंतचं स्टेटमेंट, आणि कर्जावर विमा होता का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पर्सनल लोन देताना बऱ्याचदा कर्ज सुरक्षा विम्याचा हप्ता कर्जातूनच कापून घेतलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. विमा निघाला तर कर्ज त्यातून फिटतं. मिस्टरांच्या पासबुकात कर्ज जमा झालं त्या दिवसाची नोंद बघा, मंजूर रकमेपेक्षा कमी जमा झाले असतील तर काय काय कापलं ते विचारा. ते असताना जे तुम्हाला कळलं नाही त्यासाठी स्वतःला बोल लावू नका, खरंच.

प्रश्न (हडपसर): भाजीचा गाळा आहे. एका ओळखीच्या माणसाकडून ५०,००० घेतले १० टक्के महिन्यानं, वर्ष झालं ५,००० देतोय, ६०,००० दिले तरी मुद्दल तसंच म्हणतो. दोन कोरे चेक आणि टेम्पोचं आरसी बुक त्याच्याकडे आहे.

उत्तर: महिना दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के झाले भाऊ. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर वर्षाला तारण असेल तर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. या माणसाकडे परवाना नसेल, आणि बहुधा नसणारच, तर तो गुन्हाच आहे, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करायची, तेच सावकारांचे निबंधक असतात, त्यांना झडती घेऊन कागद ताब्यात घेता येतात. मारायची धमकी दिली असेल तर पोलिसातही द्या.

पण जायच्या आधी पुरावा गोळा करा. ६०,००० पैकी फोनपे-गूगलपेवर किती गेले त्याचं स्टेटमेंट काढा, रोख दिलेल्याच्या तारखा आठवून लिहा, त्याचे व्हॉट्सअप मेसेज पुसू नका. यापुढे रोख बंद. चेकची काळजी आत्ताच घ्या, चेकचे नंबर लिहून बँकेत लेखी द्या आणि तक्रार अर्जातही टाका, कारण त्यानं तो भरून लावला तर कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, नोटीस येईल. ती नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे, बहुतेक जण नोटीस फ्रीजवर ठेवून देतात आणि तिथेच केस हातातून जाते. तुमच्या गाळ्याच्या आजूबाजूला अजून कुणी त्याच माणसाचं देणेकरी असेल तर एकत्र जा, एकट्याच्या अर्जापेक्षा चौघांच्या अर्जाची दखल लवकर घेतात.

प्रश्न (बिबवेवाडी): कार्डाचे ९०,००० दोन वर्षं थकलेत. आता शिवाजीनगर कोर्टात लोकअदालत आहे म्हणून नोटीस आलीये. घाबरायला झालंय. गेलो नाही तर पकडतील का?

उत्तर: नाही पकडणार. केस कोर्टात दाखल व्हायच्या आधी लोकअदालतीची जी नोटीस येते ते तडजोडीचं बोलावणं असतं. पण पाकिटात नीट बघा, कलम १३८ चं समन्स असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे तारखेला हजर राहावंच लागतं.

जा असंच सांगेन. तिथे बँकेचा अधिकारी रक्कम कमी करायच्या तयारीनं आलेला असतो, दोन वर्षं जुन्या कार्डाच्या बाकीत व्याज-दंडाचाच भाग मोठा असतो, आणि तो सोडायला बँका तयार होतात. तुम्हाला एकरकमी किती जमेल ते घरूनच ठरवून जा आणि तिथून सुरुवात करा. जमत नसेल तर सही न करता उठून येता येतं, त्यानं काही बिघडत नाही. सही झाली की मात्र तो कोर्टाचा हुकूमनामाच धरला जातो आणि त्यावर अपील नाही, म्हणून ठरलेली तारीख आणि रक्कम दोनदा वाचा. वकील परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे आधी जाऊन या, हेल्पलाइन १५१००.

पैसे भरल्यावर बँकेकडून नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र घ्यायचं. ठरलेल्यापेक्षा कमी भरून मिटवलं की सिबिलमध्ये "सेटल्ड" अशी नोंद होते, "क्लोज्ड" नाही, आणि पुढची काही वर्षं नवीन कर्ज मिळायला अडचण येते, हे माहिती असू द्या. दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बाकी शून्य दिसत नसेल तर ते नो ड्यूजचं पत्र लावून बँकेकडे आणि सिबिलकडे दुरुस्तीचा अर्ज करा, ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मागता येते.